पाइपमधली हजेरी

१

माझं काम पाइपाच्या तोंडाशी बसायचं. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, सोबत काय नेलं, काय परत आणलं, हे सगळं वहीत उतरवायचं. टोळीतले लोक म्हणायचे, "मेल्चोराबाई, मजा आहे बुवा तुमची! खुर्ची, छत्री आणि वही." म्हणेनात का. अडीच फुटी लोखंडी नळकांड्यात पोटावर सरकत जाणाऱ्या माणसाला विचारा, बाहेर बसलेलं माणूस जागं आहे की डुलक्या काढतंय याने त्याला काय फरक पडतो ते.

नवा विमानतळ समुद्राकाठच्या वाळूत उठत होता. विमानं जिथे उभी राहणार त्या काँक्रीटच्या मैदानाखाली आम्ही इंधनाचे पाइप घालत होतो. तेलाच्या टाक्या लांब, समुद्राच्या अंगाला. तिथून पाइप निघणार, मैदानाखालून फिरणार आणि विमानाच्या प्रत्येक जागेपाशी जमिनीत एक तोंड ठेवणार. तिथे नळी लावली की विमानाच्या पोटात तेल. पाइपाचे तुकडे बाहेरून वेल्डिंगने जोडतात, पण त्या आगीने आतला लेप जळतो. मग एक माणूस चाकांच्या फळीवर पालथा पडून आत जातो, जोड घासतो आणि हाताने नवा लेप चढवतो. आत साधी चिंधी राहिलेली चालत नाही, म्हणून माझी वही.

हे आतलं काम आधी क्लेतो करायचा. हडकुळा, बोलघेवडा, आमच्याच डोंगरातल्या आयाकुचोकडचा. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो; तेव्हा या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही, नुसतं धुकं ठिबकतं, आणि त्या ठिबकण्याने वाळू वरून जड होत जाते. एका सकाळी चराची भिंत खचली आणि पाइपाचं तोंड बुजलं. क्लेतो आत होता. पलीकडचं टोक आमच्या म्हाताऱ्या मुकादमाने, डोन साबीनोने, आदल्याच दिवशी झाकण ठोकून बंद केलं होतं, वाळू आत जाऊ नये म्हणून. आम्ही फावड्यांनी, हातांनी, हेल्मेटांनी वाळू उपसत होतो आणि आतून ठोके येत होते. दोन ठोके म्हणजे पोचलो, तीन ठोके म्हणजे बाहेर येतोय, ही आमची खूण. तो तीन ठोके देत होता. पुन्हा तीन. पुन्हा तीन. मग ते थांबले. वाट मोकळी करून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. त्या दिवशीच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलंय, "आत: एक." त्याच्यापुढच्या 'बाहेर'च्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळलं नाही, म्हणून मी तो कोरा सोडला.

दुसऱ्या सकाळी हजेरी झाली. आमची हजेरी पाइपाच्या तोंडासमोरच व्हायची, कारण खाली चरात वारा लागत नाही. साबीनो नावं वाचत गेला आणि क्लेतोच्या नावापाशी आला. त्याने ते गाळलं नाही. मोठ्याने वाचलं, आणि आम्ही सगळ्यांनी हेल्मेट छातीशी धरून, मिळून एका सुरात म्हटलं, "हजर!" आमच्यात असंच करतात. जिवंत माणूस आपल्यापुरतं हजर म्हणतो, मेलेल्याच्या नावाला सगळे मिळून म्हणतात. नऊ दिवस म्हणायचं, नवव्या दिवशी प्रार्थना करायची, साइटवरच्या क्रुसाला कागदी फुलं वाहायची आणि माणसाला जाऊ द्यायचं.

आम्ही सगळं रीतसर केलं. पण दहाव्या दिवशी साबीनोने पुन्हा ते नाव वाचलं.

"डोन साबीनो, नऊ झाले," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मला मोजता येतं," साबीनो म्हणाला. यादीतून मान वर न करता तो म्हणाला, "हा पाइप त्याने सुरू केला होता. पाइप पुरा होईपर्यंत राहू दे त्याचं नाव."

त्याने स्वतःच्या हाताने झाकण ठोकलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा रात्र रात्र झोपत नव्हता, हेही ठाऊक होतं. कोण काय बोलणार? पण कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि वयाच्या मानाने ते कुणीतरी मीच होते. मी वही उघडली आणि तारीख टाकली.

२

बाराव्या दिवशी आम्ही हजर म्हणून गप्प झालो, आणि त्यानंतर आणखी एक हजर आला. पाइपातून.

प्रतिध्वनी. दुसरं काय असणार? एकोणीस माणसं लोखंडी पाइपासमोर ओरडली तर पाइप गप्प बसेल का? मी तसंच म्हटलं मनाशी, आणि जेवणाच्या सुट्टीत खात्री करून घ्यायला तोंडाशी वाकून ओरडले. माझा आवाज परत आला, पण लांबलेला, फाटलेला, बादलीत बोलल्यासारखा. सकाळचा आवाज तसा नव्हता. तो एकाच माणसाचा होता आणि नीट होता. आम्ही एकोणीस जण ओरडलो होतो, मग परत एकच कसा आला?

माझ्या मागे रुफो वेल्डर उभा होता, हातात भाताचा डबा. "काय बाई, आत नवरा सापडतोय का?"

"सापडला तर तुलाच देईन. तुझी बायको म्हणत होती, घरात काम करणारा एक पाहिजे."

तो हसला आणि निघून गेला. मी मात्र इंजिनियरला गाठलं. कोवळा, शहरातला, हिशेबाचा पक्का पोरगा. त्याने मला नीट समजावून सांगितलं. पलीकडचं झाकण चारशे मीटरवर आहे, आवाजाला जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात, त्यापेक्षा लवकर तो येऊच शकत नाही. मला हायसं वाटलं. मोजता येण्यासारखी गोष्ट होती.

मग मी मोजायला लागले आणि तिथेच फसले. बाराव्या दिवशी तो आवाज साधारण अडीच सेकंदांनीच आला होता. तेराव्या दिवशी दोनवर आला. पुढे एकवर. सतराव्या दिवशी तो आमच्या शेपटालाच चिकटून आला आणि अठराव्या दिवशी आमच्यात मिसळून गेला. त्यानंतर मला तो वेगळा ऐकू येईना. याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आधी तो आमच्यानंतर बोलायचा. आता तो आमच्याबरोबर रांगेत उभा होता.

 टोळी रोज तोंडापासून पाऊलभर मागे उभी राहायला लागली. शेवटी मागच्यांच्या पाठी चराच्या भिंतीला टेकल्या, तरी पुढे यायला कुणी तयार नव्हतं.

३

क्लेतोनंतर आत जायचं काम माझ्या भावाकडे आलं. आब्दोन माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला मी पाठीवर बांधून शेतावर नेलं आहे, त्याची नाकं पुसली आहेत आणि या साइटवर त्याला चिकटवलं तेही मीच. टोळीत त्याच्याएवढे अरुंद खांदे दुसऱ्या कुणाचे नव्हते. क्लेतोच्या फळीवर क्लेतोनंतर तो झोपला ते मला नको होतं, पण त्याची बायको नोएमी गरोदर होती आणि त्याला काम हवं होतं. मी स्वतःला म्हटलं, तोंडाशी मी बसलेली आहे ना.

त्या बुधवारी आब्दोनला उशीर झाला. रस्त्यावर कुठेतरी ट्रक आडवा झाला होता आणि त्याची बस अडकली होती. हजेरी सुरू झाली तरी त्याचा पत्ता नाही. दोनदा नाव खोडलं गेलं की कंपनी माणसाला गेटवरूनच परत पाठवते, आणि त्याचं एकदा खोडून झालं होतं. अशा वेळी टोळीतला एखादा नाक दाबून हजर म्हणतो, साबीनो ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि काम भागतं. सगळीकडेच भागतं.

"आब्दोन," साबीनोने वाचलं.

मी रुफोकडे पाहिलं. रुफोने तोंड उघडलं. पण त्याच्या शेजारच्यानेही उघडलं, त्याच्या मागच्यानेही उघडलं. प्रत्येकाला वाटलं, आपणच वाचवू या गड्याला. आणि इतक्या दिवसांच्या सवयीने सगळे एकदम, एका सुरात म्हणाले, "हजर!"

जसं क्लेतोसाठी म्हणायचे तसं, त्याच चालीवर.

म्हणून झाल्यावर सगळ्यांना कळलं आपण काय म्हटलं ते. रुफोने क्रूस केला. कुणी कुणाकडे बघेना.  मी ओरडणार होते की थांबा, पुन्हा वाचा, पण साबीनोची नजर यादीवरून हलली नव्हती. म्हातारा सवयीने पुढे गेला. आब्दोनच्या खालचंच नाव क्लेतोचं होतं.

"क्लेतो."

 पहिल्यांदाच त्या नावाला टोळी गप्प राहिली.

"हजर," पाइपातून एक माणूस म्हणाला.

ओरडून नाही, हळूही नाही. रांगेत उभा असलेला माणूस आपल्या नावाला म्हणतो तसंच. साबीनोच्या पेनने आपसूक खूण केली, आणि मग त्याने ती खूण पाहिली.

तेवढ्यात आब्दोन चराच्या उतारावरून धावत आला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात तळलेल्या रताळ्याचा पाव. "आलो, आलो! खोडलं नाही ना?"



४

"डोन साबीनो, आज त्याला आत पाठवू नका."

"मग कुणाला पाठवू? रुफोला? त्याचं पोट दारात अडकतं."

"तुम्ही ऐकलंत ना सकाळी?"

साबीनोने पेनचं टोपण लावलं. ते दोनदा चुकलं. "मी काही ऐकलं नाही. तुम्हीही ऐकलं नाहीत. शेवटचा जोड उरलाय, मेल्चोराबाई. परवा पाइप बंद होतो. बंद झाला की संपलं सगळं."

"नाव तरी खोडा. दोघांचीही खोडा."

"जिवंत माणसाचं नाव खोडू?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली.

मग मी आब्दोनला धरलं. पोरांनी त्याला एव्हाना सगळं सांगितलं होतं, हसत हसत, म्हणजे हसायचा प्रयत्न करत.

"ताई, अगं उशीर झाला म्हणून वाचवलं त्यांनी मला. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"मेलेल्यासाठी म्हणतात तसं म्हणाले रे ते."

"मग आता शंभर वर्षं जगतो बघ! आणि नोएमीला असलं काही सांगू नकोस हं. आधीच तिला झोप लागत नाही."

मी आणखी काय करू शकत होते? दोरी मी स्वतः बांधली त्याच्या कमरेला, दोन गाठी मारून. हवेचा पंखा तपासला, आतली हवा मोजली. एक ब्रश, एक लेपाचा डबा, चार चिंध्या, सगळं वहीत लिहिलं. तो फळीवर पालथा पडला आणि डोकं पुढे करून आत सरकला. शेवटी त्याचे नवे बूट दिसत राहिले, पिवळ्या तळव्यांचे. आमच्या टोळीत तसले बूट दुसऱ्या कुणाचे नव्हते. नोएमीने हट्टाने घेऊन दिले होते. मग तेही अंधारात गेले.

आत: एक. नऊ वाजून दहा मिनिटं.

जोड छत्तीस मीटरवर होता. थोड्या वेळाने दोन ठोके आले. पोचला. मी श्वास सोडला.

मग आणखी दोन ठोके आले. लांबून, आब्दोनच्या पलीकडून.

लोखंड आहे, उन्हात तापतं, वाजतं, असं मी स्वतःला सांगितलं. ऊन नव्हतं. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. तरी मी ते सांगितलं, कारण काहीतरी सांगणं भाग होतं.

पंखा घरघरत होता, घासण्याचा आवाज येत होता, आणि त्यात मला आब्दोनचं बोलणं ऐकू यायला लागलं. काम करताना माणूस शेजारच्याशी बोलतो तसं, तुटक. मधे थांबायचा आणि मग पुन्हा बोलायचा. मी पंखा बंद केला. नियमात बसत नाही ते, पण केला.

"आब्दोन!"

"काय ताई?"

"कुणाशी बोलतोयस?"

तो जरा वैतागूनच म्हणाला, "कुणाशी म्हणजे? तुझ्याशीच. मघापासून विचारतेयस, नाव काय, नाव काय. सांगितलं ना एकदा!"

मी एक शब्दही बोलले नव्हते.

"काय सांगितलंस?"

"काय म्हणजे? माझं!"

मी दोरी ओढायला लागले. रुफोला हाक मारली, तो वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर ठेवून धावत आला. आम्ही दोघांनी ओढलं. सुरुवातीला दोरी हलेचना, मग एकदम सैल झाली आणि झरझर यायला लागली, जणू दुसऱ्या टोकाला पोत्याइतकंही वजन नव्हतं. मला रडू कोसळलं. मी आईला हाका मारत होते, रुफोने नंतर सांगितलं. मग चाकांचा आवाज आला, पिवळे तळवे दिसले, पाय दिसले, आणि आब्दोन अख्खाच्या अख्खा बाहेर आला, लेपाने माखलेला, शिव्या देत.

"काय करता काय? जोड पुरा झाला म्हणून बरं, नाहीतर सगळा पुसला असता!"

मी त्याचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले. गरम होता. घामाचा आणि रंगाचा वास येत होता. त्याच्या हेल्मेटवरचा दिवा बंद होता.

"दिवा कधी विझला?"

"आत गेल्या गेल्या. पण दिसत होतं की चांगलं."

तेव्हा मी वाकून आत पाहिलं. पाहायला नको होतं. दहा-बारा मीटरवर एक पिवळा उजेड होता, पाइपाच्या तळाशी, आणि तो हळूहळू आत चालला होता. फळीवर पालथा पडलेला माणूस सरकतो तेवढ्याच वेगाने. उजेड त्याच्या पुढे होता, आणि माझ्या बाजूला होते दोन तळवे. पिवळे, नवेकोरे.

मी मान वळवली. आब्दोन माझ्या शेजारी वाळूत बसून तेच बूट झटकत होता.

पुन्हा आत पाहिलं तर नुसता अंधार होता. एक ब्रश, एक डबा, चार चिंध्या. सगळं परत आलं होतं. मी लिहिलं, बाहेर: एक. त्या आकड्याला माझी सही लागते, ती मी केली.

५

शुक्रवारी इंजिनियरने चाकांवरचा कॅमेरा आत पाठवला. झाकणापर्यंत चारशे मीटर पाइप मी त्याच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिला. स्वच्छ, गुळगुळीत, रिकामा. आब्दोनचा शेवटचा जोड सगळ्यात देखणा होता.

"बघा बाई, कुणी नाही," इंजिनियर म्हणाला. "करा सही."

बंद करण्याच्या कागदावर एक ओळ असते: आत कोणीही नाही. तिच्याखाली फक्त तोंडाशी बसणाऱ्याची सही चालते. इंजिनियरची चालत नाही, साबीनोची चालत नाही. मी पेन घेऊन उभी राहिले. आब्दोन बाजूला क्विनोआची लापशी पीत होता, त्याच्या मिशीला ती लागली होती. डोळ्यांसमोर माझा भाऊ उभा, पडद्यावर रिकामा पाइप. न करायला कारण काय सांगणार होते मी? पिवळे तळवे?

मी सही केली.

शेवटचा तुकडा जागेवर बसवला आणि रुफोने वेल्डिंग सुरू केलं. अर्धा गोल झाल्यावर तो थांबला. मुखवटा वर केला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मेल्चोराबाई, तुम्हाला काही ऐकू आलं?"

आलं होतं. तीन ठोके. मग थोडं थांबून आणखी तीन. बारीक होते, पण घाईत नव्हते. आतल्या माणसाचा बाहेरच्यावर भरवसा असावा, तसे.

आब्दोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्याची बाही पकडली. घट्ट पकडली, कापड मुठीत आलं. हा आहे ना इथे, मी म्हटलं. मग आत जो कोणी आहे तो हा नव्हे.

"नाही," मी रुफोला म्हणाले. "काही नाही आलं."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मुखवटा खाली केला आणि उरलेला अर्धा गोल पुरा केला. त्याला तेवढं करायला वीस मिनिटं लागली, आणि वीस मिनिटं मी तिथून हलले नाही.

६

सोमवारची हजेरी वर, मैदानावर झाली. चर बुजवला होता, वर खडी पसरून दाबली होती. साबीनोकडे नवीन छापलेली यादी होती आणि तिच्यात क्लेतो नव्हता. म्हाताऱ्याने त्या दिवशी दाढी केली होती. धुकं ठिबकत होतं आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

"आब्दोन."

तो माझ्या डाव्या हाताला उभा होता. मी त्याच्याकडेच बघत होते, उगाच, प्रेमाने. त्याने पावाचा घास गिळला, तोंड उघडलं, आणि त्याच्या ओठांनी हजर म्हटलं.

आवाज त्याच्याकडून आला नाही. तो आमच्या पायांखालून आला, खडीतून. माझ्या भावाचा आवाज, पण लोखंडात घुमलेला आणि खूप दमलेला.

साबीनोने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. कुणाच्या लक्षात आलं नाही; हजर कुठून आला हे कोण बघतं? आब्दोनने मात्र गळ्याला हात लावला. "थंडीने घसा बसलाय वाटतं, ताई," तो म्हणाला, आणि हे त्याच्याच तोंडून आलं, नेहमीच्या आवाजात. तो हसतो, जेवतो, नोएमीच्या पोटाला कान लावून बसतो. तिला विचारून पाहिलं मी आडून आडून. काही वेगळं नाही म्हणाली. फक्त एवढा एकच शब्द त्याच्याकडे उरलेला नाही.

साबीनोकडे गेले मी, इंजिनियरकडेही गेले. म्हटलं, पाइप कापा. कशासाठी, त्यांनी विचारलं. माझी सही दाखवली. पाण्याचा दाब देऊन चाचणी झाली होती, एक थेंब कुठे गळला नव्हता. पंधरा दिवसांत त्यात तेल भरणार होतं.

मंगळवारी आब्दोनचं नाव आलं, तेव्हा त्याने तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "हजर!"

"अहो बाई, तो उभा आहे की बाजूला!" रुफो म्हणाला आणि सगळे हसले.

बुधवारी मी पुन्हा ओरडले. मला तो खालचा आवाज ऐकायचा नव्हता, एवढंच. मी काय करतेय ते मला कळत होतं, आणि मी थांबू शकत नव्हते. आठवडाभरात पोरांना त्याची गंमत वाटायला लागली. आता आब्दोनचं नाव घेतलं की अख्खी टोळी माझ्याबरोबर एका सुरात म्हणते. काल नोएमीला मुलगी झाली, तर आज सगळ्यांनी जरा जास्तच जोराने म्हटलं.

आब्दोन स्वतः आता काही म्हणत नाही. त्याचं नाव आलं की हेल्मेट काढून छातीशी धरतो आणि मान खाली घालून उभा राहतो.